मनगटातली दोरी

शिवणकाम करणाऱ्या शाहीनचं बोट मडगार्डच्या पत्र्यानं कापलं, तेव्हा माजलगावात गॅरेज चालवणाऱ्या तिच्या अब्बानं, ख्वाजानं, काळी टेप गच्च गुंडाळून रक्त थांबवलं. तीन आठवड्यांत कातडी झक्क जुळली, पण बोट वाकेना. “पत्र्यानं कंडराही तुटली, टेपखाली आखडत गेली,” बीडचे डॉक्टर म्हणाले. “स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी.” ख्वाजाला उमगलं: वरचं कव्हर शाबूत, आतली क्लचवायर तुटलेली. “मग नवी टाका की, सायब!” “मनगटातली जादा दोरी काढून लावता येते. शाहीन, अंगठा-करंगळी जुळव, मनगट वाकव. असली तर कातडीखाली उठून दिसेल.” दोरी उठलीच नाही. दुसऱ्या हातातही नाही. “काहींना जन्मतःच नसते,” डॉक्टर पुटपुटले. “अब्बा, कैची कशानं धरू आता?” ख्वाजानं ग्रीसनं माखलेली बाही सारली, मनगट वाकवलं, दोरी टरारून उठली. “माजी हाय की, काढा!” “दुसऱ्याची चालत नाही.” ख्वाजानं मनगट आणखी वाकवलं.