उलटा जोडलेला स्पीकर

"टेपचा बोर्ड जळलाय," दत्ताराम म्हणाला. "बाकी खोका चांगला आहे."

रावजी खालमानेने उभा होता. सावर्ड्याच्या त्या उन्हात गळ्यापर्यंत बटणं, उजव्या हाताला फडकं. "आवाज मोठा आला पाहिजे, दादा," एवढंच बोलला.

मोठा आवाज कशाला, हे आळीत सगळ्यांना ठाऊक होतं. रावजीच्या घरात टेप जोरात लागली की गाण्याखालून धपाधप ऐकू यायचं, भांडी आदळायची. विव्हळणं गाण्यात बुडून जायचं. दुसऱ्या दिवशी त्याची बायको कमला विहिरीवर हसतमुख, अंगावर एक वळ नाही.

"दिसेल तिथे मारीत नाय तो," दत्तारामची बायको दमयंती सांगायची. "कारकून ना. सगळं झाकून."

शिमग्याआधी शेजारच्या बाबाजीने गडी जमवून रावजीला पाणंदीत गाठलं आणि काठ्यांनी झोडपलं. रावजीने हात उगारला नाही. गुडघे पोटाशी, डोकं दंडांत. मार खायची रीत त्याला बरी ठाऊक होती. ओठ फुटला, दात हलला, तरी हूं की चूं नाही.

"माज बघा," बाबाजी म्हणाला.

त्याच संध्याकाळी टेप पुन्हा लागली. इतकी जोरात, की शेवटी बोर्डच जळला.

"तुम्ही खोका नीट करून द्याल," दमयंती म्हणाली, "आणि एक दिवस ती पोर मरेल."

"देतो की. माझ्या पद्धतीने."

दत्तारामची पद्धत म्हणजे अर्धा बाजार, अर्धं भंगार. जिथे चुकून चालत नाही तिथे मुंबईहून मागवलेला तयार बोर्ड. जिथे खोडी करायची तिथे जुनं सामान. तयार बोर्डाला खोडी शिकवता येत नाही. आवाजासाठी त्याने नवा बोर्ड घातला. पण आवाजाच्या बटणाला, अगदी टोकाशी, भंगारातला एक खटका बसवला. बटण पुरतं फिरलं की गाणं तुटणार आणि स्पीकर उलटा जोडला जाणार. उलटा जोडलेला स्पीकर बोलत नाही, ऐकतो.

तो जे ऐकेल ते अर्थिंगची म्हणून काढलेल्या वायरीतून भिंतीपलीकडे, दत्तारामच्या घरातल्या दुसऱ्या तयार बोर्डात. तिथून छपरावरच्या उत्सवाच्या भोंग्यात. भोंग्याचं तोंड बाजाराकडे.

"बेस झालंय," खोका परत नेताना रावजी म्हणाला. वायर कसली, हे त्याने विचारलं नाही.

रविवारी संध्याकाळी गाणं लागलं. बाबाजी आणि त्याचे गडी काठ्या घेऊन दत्तारामच्या पडवीत बसले होते. आधी बाजाराला ऐकू द्यायचं, मग दार फोडायचं, आणि या खेपेला रावजीचे दोन्ही हात मोडूनच सोडायचे. दमयंतीने कमलासाठी हळद गरम करून ठेवली होती.

गाणं चढत गेलं. खटकन तुटलं.

भोंगा खरखरला. लाकूड हाडावर बसल्याचा आवाज बाजारभर पसरला. पुन्हा एक. काचेचं काहीतरी फुटलं. मच्छीवाल्या बायकांनी माना वर केल्या. बाबाजी धावला आणि रावजीच्या दारावर त्याने पहिली लाथ घातली.

तेवढ्यात वरून, कौलांवरच्या भोंग्यातून, कमलाचा आवाज आला. भाजी निवडताना असावा तसा.

"हात बाजूला घ्या."

आणि मग रावजीचा. "तोंडावर नको गो. उद्या कचेरीत जायचंय."