छातीचा फोटो

आतून पुकारा झाला तसा पोतीवाला उठला, बायकोकडे बघून किंचित हसला आणि फोटोचं पाकीट घेऊन डॉक्टरांच्या खोलीत गेला.

सिमेंटच्या पत्र्यांच्या कारखान्यात तो लग्नाआधीपासून अ‍ॅस्बेस्टॉसची पोती फोडत होता. कारखान्याचे डॉक्टर माणूस तपासत नसत, बाहेरून काढून आणलेला छातीचा फोटो तेवढा बघत. फोटोत डाग दिसला की काम बंद, आणि कारखान्याने दिलेली खोलीही खाली करायची. यंदा त्या खोलीत मुलगी राहायला आली होती, तिचं तान्हं बाळ होतं. त्यांना घेऊन जायचं कुठे? आणि नेमकं यंदाच त्याला खोकल्याने धरलं होतं.

बायको खमकी. तो कामावरून आला की दारातच कपडे उतरवून घ्यायची, मागच्या बाजूला बाळाची दुपटी वाळत असायची तिथे फडाफडा झटकायची आणि मग भिजवायची. न झटकता भिजवले तर बादलीत नुसता चिखल होतो, म्हणायची. आपलं लग्न पिठाच्या गिरणीशी लागलंय, अशी चेष्टाही करायची. खोकला हटेना तेव्हा मात्र तिनेच हालचाल केली. तिचा भाऊ एका दवाखान्यात फोटो काढायच्या कामाला होता. दोघं त्याच्याकडे गेली.

"दाजी, घरचं काम आहे. तुम्ही निवांत बसा," मेहुणा म्हणाला, आणि पाकिटावर दाजींचं नाव त्याने स्वतःच घातलं.

डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला. बराच वेळ धरला. मग त्यांनी पोतीवाल्याला खुर्ची दिली. तशी ते कुणालाच देत नसत.

श्वासाबरोबर आत गेलेले तंतू बाहेर पडत नाहीत, ते म्हणाले. फुप्फुसाच्या अस्तरावर गाठ पसरली आहे. ऑपरेशनची वेळ कधीच गेली.

"साहेब, परत एकदा बघा."

"बघितलं. वर्ष निघालं तरी नशीब समजा."

कामाचं त्याने काहीच विचारलं नाही. बाहेर येऊन तो बाकावर बसला आणि तोंड झाकून रडायला लागला. बायकोने खोदून खोदून विचारलं, तेव्हा कुठे डॉक्टरांचं बोलणं त्याने तुटक तुटक सांगितलं.

तिने इकडेतिकडे बघितलं. मग ती त्याच्या कानाशी वाकली.

"खोली गेली तर जाऊ दे. पण तुम्ही कशाला रडताय? फोटो तर माझा होता."