झाकणाचा डबा

अँटिबायोटिकच्या माऱ्यात थॉर्किलच्या आतड्यातले चांगले जंतूही मेले. तीन महिने जुलाब काही थांबेनात. "निरोगी माणसाच्या विष्ठेतले जंतू आत सोडले, तरच हे वाचतील," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दाता म्हणून तपासणीत उतरला तो धाकटा भाऊ एस्बेन, जन्मभर कोंड्याचा काळा पाव आणि जवाची पेज खाणारा. थॉर्किल त्याला 'घोडा' म्हणायचा.

अकरा वर्षांच्या अबोल्यानंतर एस्बेन ऑर्हूस शहरातून आला, हातात झाकणाचा डबा घेऊन.

"आईच्या घरातून तुला हाकललं, तेव्हा मी काय बोललो होतो, आठवतं?" थॉर्किलने खाली मान घालून विचारलं.

"'तुझी घाणसुद्धा इथे नको.'" एस्बेनने डबा नर्सच्या हातात दिला. "सगळी घेऊनच गेलो होतो, दादा. आज थोडी परत आणलीय."