शुई-फाला घरी न्यायचंय

तिसऱ्यांदाही कौलाचे दोन्ही ठोकळे पालथेच पडले, तशा बी-यूआजी वाळूत फतकल मारून बसल्या.

"नाहीच म्हणतोय. जिवंतपणी ऐकलं नाही, आता तरी ऐक की रे मेल्या!"

एक ठोकळा उताणा, एक पालथा पडला की मृतात्मा यायला तयार. मग उदबत्तीची राख लाल पिशवीत भरायची आणि त्याला समुद्रापलीकडे गावी न्यायचं. युद्धापासून तुटलेल्या या किनमेन बेटावर यायला बोटी आत्ता कुठे सुरू झाल्या होत्या.

"आई, परतीची बोट चुकेल," मुलगा निएन म्हणाला.

"चुकू दे. त्याला घेतल्याशिवाय मी हलायची नाही. माझ्या थडग्याशेजारी त्याची जागा राखून ठेवलीय."

ओहोटीने किनाऱ्यावरचे लोखंडी सुळे उघडे पडले होते. युद्धात होड्या अडवायला रोवलेले. आता राष्ट्रीय उद्यानात आलेले पर्यटक त्यांना टेकून फोटो काढत होते. शेंगदाण्याची वडी विकणारा एक म्हातारा गाडी सोडून जवळ आला.

"कोण होतं तुमचं?"

"नवरा. च्वांग शुई-फा. नावाडी होता. सैन्यानं होडीसकट उचलला आणि लढाईच्या रात्री इकडे धाडला. हा तेव्हा पोटात होता."

म्हातारा निएनकडे बघत राहिला. मग म्हणाला, "दुसरं लग्न नाही केलंत?"

"कशाला? येतो म्हणाला होता ना."

म्हातारा हळूच वाळूत बसला. "नावाडी पहिल्याच रात्री गेले, वहिनी. होड्या पेटल्या. फार हाल नाही झाले त्यांचे."

"तुम्ही पाहिलंत?"

"पाहिलं."

आजींच्या डोळ्यांना धार लागली. पन्नासाहून जास्त वर्षांत एवढंसुद्धा कुणी सांगितलं नव्हतं.

"पुन्हा विचारा," म्हातारा म्हणाला. "या खेपेला येईल तो."

आजींनी ठोकळे टाकले. दोन्ही पालथे. त्या रुमालाने डोळे पुसत होत्या, तेवढ्यात म्हाताऱ्याने बोटाने एक ठोकळा उताणा केला. निएनने ते पाहिलं आणि मान फिरवली. आईला एकदाचं समाधान मिळत होतं, त्यात कशाला मोडता घालायचा?

"आला! निएन, आला रे तुझा बाप!"

पिशवी छातीशी धरून आजी धक्क्याकडे निघाल्या. वाटभर तिच्याशी भांडत होत्या. "चल, पाय उचल. किती वाट बघायला लावलीस."

म्हातारा गाडीपाशी परतला तेव्हा त्याची बायको पाओ-चिन फणकारली.

"अहो, गिऱ्हाईक टाकून तिकडे काय करत होतात? आणि ती म्हातारी एवढा वेळ कुणाला बोलवत होती?"

"मला," तो म्हणाला.