सीलबंद खोकी

बंदुकीच्या गोळ्यांचा तुटवडा पडल्यापासून मोंटानातला वेंडेल उजाडायच्या आत दुकानापुढे रांग लावायचा. माणशी एकच खोकं मिळे, म्हणून टोपी बदलून पुन्हा उभा राहायचा. तळघर खोक्यांनी छतापर्यंत भरलं, पण जपून ठेवायच्या म्हणून त्यानं वर्षभरात एकही गोळी झाडली नव्हती.

आज दुपार कलता कलता तो दुकानातून परतला आणि तळघरात उतरला, तर जळक्या दारूचा वास. त्यानं सगळ्यात जुनं खोकं ओढलं. सील शाबूत होतं. फोडलं, तर आत नुसत्या रिकाम्या पुंगळ्या, हाताला चटका बसेल इतक्या गरम.

"लोरेटा! माझ्या गोळ्या कुणी उडवल्या?"

वरून बायको करवादली, "मलाच विचारतोस? दुपारभर खाली तुझीच ठो-ठो चाललीय. ज्याच्यावर झाडत होतास, ते मेलं का एकदाचं?"