डाव्या खांद्यावर थाप

जव्हारच्या पुढे रेंज येते-जाते, म्हणून आमचा नकाशा म्हणजे मागे बसलेल्या सुदर्शनची थाप. ज्या खांद्यावर पडेल, त्या बाजूला मी बाईक वळवायची. सुदर्शनला डावं-उजवं जन्मात कळलं नाही. पण जामसरला चहा पिऊन निघाल्यापासून गडी एकदाही चुकला नाही. मी त्याचं कौतुकही केलं. तो काहीच बोलला नाही.

मोखाड्याच्या घाटात रेंज आली आणि हेल्मेटमध्ये फोन वाजला.

"अरे बैला, मला जामसरला टाकून कुठं पळालास? हात धुवून येतो तर गाडी गायब!" सुदर्शन ओरडत होता.

मागची सीट अजून जडच होती. आरशात बघायचं मी तूर्तास पुढे ढकललं.

डाव्या खांद्यावर हळूच थाप पडली.

डावीकडे दरी होती.

आणि जामसरपासून एकही थाप चुकली नव्हती.