टेसीसाठी मासे

व्हर्ना हुडाक गेल्याची बातमी नदीकाठच्या त्या गावात सकाळी सातला पोचली. आठच्या आत तिच्या नवऱ्याच्या, एमिलच्या ओट्यावर पाच पातेली जमली. पाचही घरांतून तोच पदार्थ, कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा. एमिलने एकाचंही झाकण उचललं नाही. पातेली आली तशी परत गेली, आणि पुढे महिनाभर तो दाराची कडी काढेना.

फेब्रुवारीत गस पावलिकने दार ठोठावलं. गस फायर हॉलचा, म्हणजे गावच्या अग्निशमन ठाण्याचा प्रमुख. दोघांनी तीस वर्षं एकाच बंबावर काम केलेलं.

"ईस्टरच्या आधीचे उपासाचे शुक्रवार सुरू होतायत, मटण बंद," गस म्हणाला. "यंदा मासे टेसीसाठी तळायचेत. कढईवर कोण उभं राहणार?"

"तू राहा."

"मी तळलेला मासा कुत्र्याने हुंगून सोडला होता, विसरलास? आणि व्हर्नाला शब्द तू दिलायस, मी नाही."

शब्द दिला होता खरा. शेवटच्या आठवड्यात व्हर्नाने त्याचा हात धरून सांगितलं होतं, "टेसीचं ऑपरेशन झालं पाहिजे. कागदपत्रं मी लावून ठेवलीत. तू फक्त मासे तळ." चाळीस वर्षांच्या संसारात कागद तिचे आणि कढई त्याची, ही वाटणी ठरलेलीच होती.

टेसी शेजारच्या डार्लीनची मुलगी, नऊ वर्षांची. तीन वर्षांची असताना तिने शेगडीवरचं उकळत्या पाण्याचं पातेलं अंगावर ओढून घेतलं होतं. हनुवटीपासून छातीपर्यंतचा व्रण आता आवळत चालला होता. पोर वाढत होती, व्रण वाढत नव्हता. तिला मान वर करता येत नसे. आभाळ बघायचं तर ती अंगणात उताणी पडायची.

त्या खोऱ्यात कुणी आजारी पडलं की आधी डॉक्टर गाठतात आणि मग मासेवाला. मूत्रपिंड असो की कॅन्सर, फायर हॉलमध्ये मासे तळून विकल्याशिवाय हॉस्पिटलचं बिल फिटत नाही, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं.

डार्लीनने आकडा सांगितला, सहा हजार डॉलर. तिसऱ्या शुक्रवारी त्याचे सात हजार झाले.

"वाढलंय म्हणतात, काका," ती दुसरीकडे बघत म्हणाली.

एमिलला नवल वाटलं नाही. बिल कमी झालेलं त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. त्याने आणखी वीस पौंड मासे सांगितले.

दर गुरुवारी गसची गाडी बंद पडायची, म्हणून मासे आणायला एमिललाच जावं लागे. दर शुक्रवारी दुपारी टेसी कढईपासून चार हात लांब स्टुलावर येऊन बसायची.

"आजोबा, शर्ट उलटा घातलाय तुम्ही."

"ही बाजू स्वच्छ आहे."

"व्हर्नाआजी ओरडली असती."

"ओरडली असती खरी."

पुढच्या शुक्रवारी शर्टाला इस्त्री होती.

"जेवलात?" ती विचारायची. तो नाही म्हणाला की तीही ताटलीला हात लावायची नाही. मग दोघं पिठाच्या पोत्याशेजारी बसून खायची. पहिल्या आठवड्यात त्याने एक तुकडा खाल्ला. पाचव्या आठवड्यात तीन खाल्ले आणि वर गसच्या कोबीच्या सॅलडला नावं ठेवली. हॉलमधल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

ऑपरेशन ईस्टरच्या आधीच्या बुधवारी होतं. शहर चार तासांवर. गाडी एमिलनेच काढली. खिशात फायर हॉलचा सात हजारांचा चेक होता.

"चेक माझ्याकडे द्या ना, काका," डार्लीन वाटेत दोनदा म्हणाली. "बिलाची घाई काय आहे?"

"व्हर्नाला शब्द दिलाय. माझ्या हाताने भरणार."

टेसीला आत नेताना तिने एमिलचं बोट धरलं. "मी बाहेर येईपर्यंत जेवायचं नाही असं करू नका हं."

"आधी तू बाहेर ये, मग हुकूम सोड."

दोन तासांनी डॉक्टर बाहेर आले. सगळं नीट झालं होतं. पट्टी निघाली की मान वर होईल, म्हणाले. डार्लीन रडत आत धावली. एमिलने डोळे पुसले, चेक काढला आणि खालच्या मजल्यावरची बिलाची खिडकी गाठली.

खिडकीमागे एक तरुण मुलगी होती, नवी असावी.

"टेसी मरोनच्या नावावर भरायचेत," एमिल म्हणाला.

"भरायचे?" तिने फाइल उघडली. "आमच्याकडे कुठल्याच मुलाचे पैसे घेत नाहीत, सर. हे हॉस्पिटलच देणग्यांवर चालतं. ऑक्टोबरपासून मंजूर आहे हे. थांबा, एक चिठ्ठी लावलीय." ती वाचू लागली. "'ऑपरेशन फुकट आहे हे माझ्या नवऱ्याला कळू देऊ नका. तो पैसे घेऊन आलाच तर नंतर बघू म्हणा. बाकी गाव सांभाळून घेईल. टेसीला वर्गणी लागणार नाही. मी गेल्यावर त्याला शुक्रवार लागतील. व्हर्ना हुडाक.'"

मुलीचा चेहरा उतरला. तिने हळूच मान वर केली. "सर, तुमचं नाव काय म्हणालात?"

"गस," एमिल म्हणाला. "गस पावलिक."

त्याने चेक घडी करून खिशात ठेवला. गुड फ्रायडेचे ऐंशी पौंड मासे अजून आणायचे होते.